मरणाची स्तुती करू नका



आपल्या जालना जिल्ह्यात कोणत्याही वस्तीत जा, बाजेला खिळलेली एखादी म्हातारी असतेच. भेटायला आलेला माणूस तिच्या देखत म्हणतो, "भोग भोगतेय बिचारी, सुटली तर बरं." बोलणाऱ्याच्या मनात दया असते, हे कबूल. पण बाजेवरच्या कानांना त्यातून एवढेच कळते की, आपण आता घराला जड झालो.

हा 'भोग' शब्द आपण जुन्या धर्मातून बरोबर आणला आहे. गतजन्मीच्या पापाचे फळ या जन्मी भोगावे लागते, हे मत बुद्धाचे नव्हे, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट मांडले आहे. आजार हा आजार आहे. त्याला औषध लागते, शुश्रूषा लागते.

विनयपिटकात चार पाराजिका आहेत. त्यांतला एक जरी दोष घडला, तरी भिक्खू संघातून कायमचा जातो. तिसरी पाराजिका मनुष्यवधाची. तिच्यामागची एक कथा अशी : एक उपासक आजारी होता. त्याच्या रूपवती पत्नीवर मन गेलेले काही भिक्खू त्याच्याकडे गेले आणि सांगू लागले की, तू पुष्कळ पुण्य केलेस, आता असल्या जगण्यापेक्षा मरण चांगले. बिचाऱ्याने ते खरे मानले, पथ्य मोडले आणि तो मेला. कोणी शस्त्र उचलले नाही, विष दिले नाही. तरीही भगवंतांनी नियमात घातले की, मरणाची स्तुती करणारा आणि मरणास प्रवृत्त करणाराही त्याच दोषाचा धनी. मग सांगा, ओसरीवर बसून आपण काय करतो?

कोणी विचारील, जीवन दुःखमय आहे असे बुद्धच सांगतात, मग जगायचे कशाला? वैशालीच्या काही भिक्खूंनी हीच चूक केली होती. देहाच्या अशुभतेचे चिंतन करता करता त्यांना देहाची किळस आली आणि त्यांनी प्राण दिले. भगवंतांनी मागे राहिलेल्यांना आनापानसती, म्हणजे श्वासाचे ध्यान, शिकवले. मरून मोकळे व्हावे ही ओढसुद्धा तृष्णाच आहे, तिला विभवतृष्णा म्हणतात.

छन्न नावाचा भिक्खू असह्य वेदनेने जीव द्यायला निघाला, तेव्हा सारिपुत्तांनी त्याला पाप-पुण्य ऐकवले नाही. तुला योग्य अन्न मिळत नसेल तर मी आणतो, औषध नसेल तर ते आणतो, सेवेला कोणी नसेल तर मी राहतो, असे ते म्हणाले. छन्नाने शेवटी जीव दिला. भगवंतांनी त्याला दोष दिला नाही. म्हणून ज्या घरी अशी घटना घडली, त्या घरच्या विधवेला टोमणे मारणारा धम्म पाळत नाही.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये अमानुष हल्ला झाला. त्या कधीच शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांना मरण द्यावे, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी केला. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी तो फेटाळला. न्यायालयाने जिवलग मानले ते रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना, कारण इतकी वर्षे त्यांनीच अरुणाताईंना भरवले, न्हाऊ घातले. 18 मे 2015 रोजी अरुणाताई न्यूमोनियाने गेल्या, तोपर्यंत ही सेवा चालू होती.

पुढे 9 मार्च 2018 रोजी न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. बरे होण्याची आशा संपली असता आपल्याला यंत्रावर ठेवू नये, असे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. सुई टोचून मारण्याची परवानगी कोणालाही नाही. असे यंत्र नाकारणे पहिल्या शीलाविरुद्ध नाही, असे मला वाटते. मात्र इच्छा रोग्याची हवी. मुलांच्या खिशाचा हिशेब रोग्याची इच्छा म्हणून खपवू नये.

कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्याची गोष्ट निराळी. 2012-13 च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत जळाल्या. असा माणूस मरण मागतो, तेव्हा त्याला खरे तर पाणी, भाव आणि सावकारापासून सुटका हवी असते. त्याला हक्काचे तत्त्वज्ञान सांगू नका. सारिपुत्तांसारखे विचारा : घरात दाणा आहे का, देणे कुणाचे आहे, बँकेत बरोबर येऊ का? तो गप्प गप्प राहू लागला, तर विहारातल्या चौघांनी त्याच्या घरी जावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

कोणी विष घेतलेच, तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जीव देण्याचा प्रयत्न हा सरसकट गुन्हा राहिलेला नाही. मांत्रिकाकडे नेऊन वेळ घालवू नका. तडक सरकारी दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या. फवारणीचे औषध घरात उघडे ठेवू नका. पेटीला कुलूप लावा, आणि घरात कोणी खचलेला असेल, तर किल्ली शेजारच्या घरी द्या.