थरथर कोणाची, उत्साह कोणाचा?

ध्यानाला बसल्यावर छाती धडधडू लागली, बोटे थरथरू लागली, मन एका श्वासावरही टिकेना, तर साधकाने काय समजावे? मी समजले की माझी श्रद्धाच कमी पडते आहे.

परीक्षेच्या महिन्यातली ही गोष्ट. दिवसा बी.कॉम.चा अभ्यास आणि रात्री अनुवादाची सेवा, असा माझा क्रम होता. मी चेन्नईत राहते. इथली सकाळ डिकॉक्शनच्या वासाने सुरू होते. फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेला अर्क, त्यात तापलेले दूध आणि दवरा-टंबलरमध्ये वरखाली ओतून आणलेला फेस. घरमालकीण मामी सकाळी एक टंबलर प्रेमाने हातात देत. दुपारी दुसरा होई. रात्री दहाला तिसरा मी स्वतः करून घेऊ लागले. मग वीस मिनिटे ध्यान आणि त्यानंतर अनुवाद. ‘सेवेसाठीच तर जागते आहे,’ असे मी मनाला सांगत असे.

ध्यान काही लागेना. अनुवाद मात्र झरझर होई. एकदा रात्री दीडपर्यंत चार पाने झाली आणि ही गुरुकृपाच, असे वाटून डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, तेव्हा जेवलीस का, एवढ्या साध्या प्रश्नावर मी तिच्यावर खेकसले. संध्याकाळी मजकूर तपासणाऱ्या काकूंचा निरोप आला. एका वाक्यातला ‘नाही’ गळला होता. अर्थ अगदी उलटा झाला होता. काकूंनी रागावून काही म्हटले नाही. एवढेच विचारले, “अगं, हे रात्री किती वाजता करतेस? आणि काय पिऊन?”

त्या प्रश्नाने मला शोधायला लावले.

आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते मेंदूतल्या ठरलेल्या जागी जाऊन बसते आणि आपल्याला झोप येऊ लागते. कॅफिन त्याच जागा अडवून बसते. थकवा जात नाही, थकव्याचा निरोप तेवढा पोहोचत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे लगेच कळावे. बिल खणात दडवून ठेवले म्हणून देणे फिटत नाही. शिवाय कॅफिनमुळे शरीरात ॲड्रिनॅलिन वाढते. म्हणून धडधड, थरथर आणि उगाचची घाई.

कॉफी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एक तासात रक्तातले कॅफिन सर्वांत जास्त असते. म्हणजे मी नेमकी त्याच वेळी ध्यानाला बसत होते! त्यातले निम्मे उतरायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंश रात्री दहाला आणि पाव अंश पहाटे तीनला अंगात असतोच. हा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणून एकाला रात्रीच्या कॉफीनंतर गाढ झोप लागते, तर दुसरा छताकडे पाहत राहतो. यात कोणाचा मोठेपणा नाही की कमीपणा नाही.

पण इथे मला खरा प्रश्न पडला. थरथर कॉफीची होती, हे ऐकून मला हायसे वाटले. मग तो उत्साहही कॉफीचाच नव्हता का? भरून आलेले डोळे कोणाचे होते? दोषाचे खापर कॉफीवर फोडायचे आणि गुणाचे श्रेय मात्र स्वतःच्या भक्तीला द्यायचे, हा हिशेब खोटा आहे.

दुसरी पळवाटही तितकीच सोपी आहे. ‘मी केवळ साक्षी आहे, आईवर रागावली ती कॉफी.’ पण टंबलर उचलणारा हात माझाच होता. मला आता एवढे उमगते: उत्साहाचा गर्व नको, थरथरीची अपराधी भावना नको, पण प्याल्याची जबाबदारी मात्र आपली. देहाच्या अवस्था येतात आणि जातात. कधी भात जड होतो, कधी इथला उकाडा चिडचिड आणतो. त्या अवस्थांना आपण कसे बोलावतो आणि त्या आल्यावर कसे वागतो, हे आपले.

मग कॉफी वाईट का? गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात म्हटले आहे की चहा, कॉफी, कोको यांपैकी कशाचीच शरीराला गरज नाही. दुसरीकडे गीतेचा सहावा अध्याय खाणे, झोप आणि जागरण या सगळ्यांत मध्यम मार्ग सांगतो. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून रानडे-टिळकांसारख्यांनाही ग्रामण्याला तोंड द्यावे लागले होते. तेव्हाचा वाद होता, प्याला कोणाच्या हातचा? तो भेद आज आपण मानत नाही. आपण विचारायचे ते हे, की आपला हात प्याल्याच्या ताब्यात आहे का?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारसूत्रांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे. १५० मिलीलिटर फिल्टर कॉफीत ते ८० ते १२० मिलिग्रॅम असते, चहात ३० ते ६५. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, असेही त्यात आहे, कारण त्यांतील टॅनिनमुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही.

थरथर सुरू झाली तर अंगातले कॅफिन काढून टाकण्याचा उपाय नाही, वेळ जाऊ द्यावा लागतो. पाणी प्यावे, पोटात काही नसेल तर थोडे खावे, सावकाश फेरी मारावी, उच्छ्वास लांब ठेवावा. जोरकस प्राणायाम तेव्हा नको. हट्टाने ध्यानाला बसू नये आणि रागाचे उत्तर तर मुळीच लिहू नये. छातीत दुखले किंवा ठोके अनियमित वाटले तर डॉक्टरांकडेच जावे. सवय सोडायची तर हळूहळू. एकदम बंद केल्यास काही दिवस डोके दुखू शकते.

मी मामींची सकाळची कॉफी सोडलेली नाही. तो टंबलर नाकारणे म्हणजे त्यांचा स्नेह नाकारणे. दुपारचा अर्धा केला, रात्रीचा बंद. आता रात्री दीड पानच होते. अडीनडीला एखादी रात्र जागावी लागते, त्यात पाप नाही. पण रोजच्या माझ्या जागरणाची किंमत आई आणि वाचक चुकवत होते. ज्या सेवेची किंमत दुसऱ्याने मोजायची, ती अजून पुरती सेवा झालेली नाही.

त्या रात्री गळलेला ‘नाही’ काकूंनी जागेवर आणून ठेवला. स्वतःला म्हणायचा ‘नाही’ मात्र मलाच शिकायचा आहे.