अकराव्या तासाची मजुरी
इंग्रजीत वेळेविषयी जे बोलले जाते ते समजायला शब्दकोश पुरत नाही. कामाचे मोल कोणी, कसे ठरवले तेही पाहावे लागते. 'इलेव्हन्थ अवर' म्हणजे आज ऐनवेळी, एवढेच. हा वाक्प्रचार मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातून आला. द्राक्षमळ्याचा मालक पहाटेपासून मजूर लावत राहतो. शेवटचे लागतात ते अकराव्या तासाला. उजेडाच्या दिवसाचे तेव्हा बारा भाग धरत, म्हणजे सूर्य मावळतीला टेकलेला. तरी मालक सगळ्यांना सारखाच रोज देतो. आता 1748 सालचा बेंजामिन फ्रँकलिन पाहा. तरुण व्यापाऱ्याला 'टाइम इज मनी' बजावताना तो हिशेब मांडतो: रोजचे दहा शिलिंग मिळवू शकणारा अर्धा दिवस रिकामा बसला आणि मौजेवर सहाच पेन्स उडवले, तरी आणखी पाच शिलिंग त्याने घालवलेच. मळ्याच्या मालकाला हा हिशेब पटला नसता. भाषेत मात्र फ्रँकलिन जिंकला: अकरावा तास उरला, त्याची पूर्ण मजुरी विसरली गेली.

यावर कोणी म्हणेल, वेळ मोलाची हे तर थिओफ्रास्टससारखे ग्रीकही सांगत होते. खरे आहे, पण मोल असणे वेगळे आणि तासाला दर लागणे वेगळे. बोलणाऱ्याच्या मनात यातले काही नसते, हा दुसरा आक्षेपही मान्य. तरीही 'वेळ वाचवला' म्हटले की वाचवलेल्याचे काय केले, हा प्रश्न आपोआप येतोच. रकाना आधीच आखलेला असतो. तिसरा आक्षेप मात्र जड आहे. हा रकाना काय फक्त मालकांच्या सोयीचा? इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी 1967 सालच्या निबंधात दाखवले की घड्याळाची शिस्त कामगारांवर लादली गेली, काही गिरण्यांत तर मालक घड्याळाचे काटेच फिरवीत; पण पुढच्या पिढ्यांनी त्याच घड्याळावर बोट ठेवून कामाचे तास कमी करून मागितले, जादा तासांची दीडपट मजुरी मागितली. ब्रिटनमध्ये 1847 साली कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन मुलांसाठी दहा तासांचा कायदा झाला, तो तास मोजता येत होते म्हणूनच. मळ्याच्या मालकाची दया ही शेवटी त्याची मर्जी. उद्या त्याने अर्धाच रोज हातावर ठेवला असता तर दाद कोणाकडे मागायची? त्या कथेत दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. त्यांना आपण हावरे ठरवतो, पण त्यांची मागणी तासाप्रमाणे दाम, एवढीच होती.