'कोण?' आणि 'कोणी?'

२०१९ च्या एप्रिलमध्ये 'हिंदू बिझनेसलाइन' या इंग्रजी दैनिकात राधेश्याम जाधव यांचा एक वृत्तांत आला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांपैकी अनेकींची गर्भाशयं काढली गेली आहेत, ती का, असा त्याचा विषय. मूळ मथळ्यात निदान 'का' हा शब्द होता. पुढच्या काही दिवसांत ही बातमी पोर्टलं, चॅनेलं आणि यूट्यूबवरून फिरत राहिली आणि फिरता फिरता तिचा मथळा आखडत गेला. शेवटी उरलं ते असं काहीतरी : 'गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव'.

मथळा म्हणून हा जबरदस्त आहे. मोजकेच शब्द, एक धक्का आणि न राहवणारं कुतूहल. आणि त्याने काम केलं, हेही आधीच मान्य करायला हवं. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठवली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण सहामागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांमध्ये हेच प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या आसपास होतं. जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. स्थानिक कार्यकर्त्या वर्षानुवर्षं जे सांगत होत्या, ते एका उन्हाळ्यात सरकारच्या कानापर्यंत गेलं.

मग तक्रार कसली?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात 'एंगेजमेंट' हा देव आहे. एकाच मजकुराची दोन शीर्षकं करायची, अर्ध्या लोकांना एक दाखवायचं, अर्ध्यांना दुसरं. ज्यावर जास्त अंगठे पडतील ते ठेवायचं. पद्धत प्रामाणिक आहे, कारण आकडे खोटं बोलत नाहीत. पण आकडे फक्त वाचणाऱ्याच्या अंगठ्याचे असतात. ज्याच्याविषयी बातमी आहे त्या माणसाचं काय झालं, याचा रकाना त्या तक्त्यात नसतोच. त्यामुळे 'गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव' आणि 'ऊसतोड कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न' या दोन शीर्षकांत कोण जिंकणार, हे सांगायला यंत्राचीही गरज नाही. प्रश्न असा आहे, की जे जिंकलं ते योग्य होतं का? आणि जे हरलं ते तरी योग्य होतं का?

पत्रकारितेच्या वर्गात ककार शिकवतात : कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. पण मराठीत 'कोण' दोन रूपांत येतो. 'कोण?' विचारलं तर उत्तरात माणूस मिळतो. 'कोणी?' विचारलं तर करणारा मिळतो. ही सोय आपल्या भाषेत आयती आहे. आता त्या मथळ्याकडे पुन्हा बघा. त्यात 'कोण' आहे : बायका. 'काय' आहे, 'कुठे' आहे. 'कोणी' मात्र नाही. गर्भाशय 'नाही', एवढंच. जणू पावसाळा कोरडा गेला तसं तेही गेलं. वाचणाऱ्याचं सगळं कुतूहल त्या बाईच्या शरीरावर जाऊन थांबतं, कारण मथळ्याने दुसरीकडे जायला वाटच ठेवलेली नाही.

ती वाट धरली तर काय दिसतं?

दिवाळीच्या आगेमागे बीडमधून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून हंगामाआधी 'उचल' घेतलेली असते. ही उचल 'कोयत्या'वर मिळते आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेबात दोन माणसं नाहीतच, एक हत्यार आहे. त्यामुळे बाई आजारी पडली तर अर्धा कोयता काम करत नाही. पूर्ण कोयत्याचाच खाडा पडतो. २०१९ च्या बातम्यांनुसार एका खाड्याला दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. फडाशेजारी कोप्या असतात. तिथे संडास नाही, पुरेसं पाणी नाही. पहाटे उठून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायच्या. पाळी असो, गर्भ असो. लग्न लहान वयात झालेलं, दोन-तीन बाळंतपणं विशी संपायच्या आत. मग अंगावरून पाणी जातं, ओटीपोट दुखतं. गावी परतल्यावर बाई खाजगी दवाखान्यात जाते, तेव्हा तिला कॅन्सरची भीती घातली जाते आणि 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो. ऑपरेशनचा खर्च? तोही पुन्हा उचल घेऊनच. म्हणजे दुखणं ज्या कामाने दिलं, त्याच कामाला ते फेडण्यासाठी पुढच्या हंगामात जायचं. कमी वयात झालेल्या या शस्त्रक्रियेनंतर पाठ, सांधे, थकवा यांची दुखणी सुरू होतात, त्यांचेही खाडे पडतातच.

आता 'कोणी?' विचारा. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी उचल दिली, आजारी पाडलं नाही. डॉक्टर म्हणतो, पेशंटनेच मागणी केली. नवरा म्हणतो, तिचा त्रास बघवत नव्हता. ही सगळी व्यवस्थाच कर्ता गाळून लिहिलेल्या वाक्यासारखी आहे. प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे दाखवायला बोट आहे. अशा वेळी बातमीनेही कर्ता गाळला, तर ती व्यवस्थेला हवी तशीच लिहिली गेली. तेही तिच्यावर संतापून लिहिता लिहिता.

यावर एक नेहमीचं उत्तर असतं : एवढं सगळं मथळ्यात कसं मावणार? लोक वाचत नाहीत, धक्का द्यावाच लागतो.

धक्का द्यायला माझी हरकत नाही. मराठी वृत्तपत्रांना धक्का नवा नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताने लोक हैराण झाले होते. त्यानंतर टिळकांनी 'केसरी'त अग्रलेख लिहिला : 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' आजच्या कुठल्याही ए/बी चाचणीत हा मथळा पहिला येईल. पण तो कोणाकडे बघतोय ते पाहा. सत्तेकडे. त्याची किंमतही लिहिणाऱ्याच्याच वाट्याला येणार होती. त्याच वर्षी, 'केसरी'तल्या दुसऱ्या लिखाणावरून का होईना, टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. 'गर्भाशय नसलेल्या बायका' या मथळ्याचा धक्का देणाऱ्याला काही मोजावं लागत नाही. मोजते ती त्या गावातली बाई, जिच्या शरीराची खाजगी गोष्ट आता तिच्या गावाची ओळख झाली आहे. तिच्या मुलीचं लग्न ठरवतानाही ती ओळख आडवी येऊ शकते. म्हणून मी इथे कुठल्याही गावाचं नाव लिहिलेलं नाही. बातमीला 'कुठे' लागतं हे खरं, पण या बातमीचं 'कुठे' हे गाव नसून फड, कारखाना आणि दवाखाना आहे.

आणि असं लिहिता येतं, याचा पुरावा आहे. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'फुलर प्रोजेक्ट'सोबत याच विषयावर मोठा शोधवृत्तांत छापला. त्यात बायका होत्याच, त्यांच्या शस्त्रक्रियाही होत्या. पण मथळ्यात साखर होती. साखरेचं क्रौर्य, असा त्याचा रोख. बातमी फडातून निघून मुकादम, कारखाना असं करत कोका-कोला आणि पेप्सीपर्यंत गेली, कारण महाराष्ट्रातली साखर त्यांच्या बाटल्यांत जाते. इथेही धक्का आहे, उत्सुकता आहे. फक्त ती उत्सुकता बाईच्या पोटावर न थांबता वाचणाऱ्याच्या हातातल्या थंड बाटलीपर्यंत येते. वाचक नुसता बघ्या राहत नाही, तोही त्या वाक्यात कुठेतरी येतो.

दुसरी बाजूही सोडायला नको. 'सदर महिलांमध्ये शस्त्रक्रियेचे प्रमाण अधिक असल्याचे निदर्शनास आले आहे' अशी सरकारी भाषा सभ्य असते, कोणाचा अपमान करत नाही. पण ती कोणी वाचतही नाही, आणि तिच्यातही 'कोणी' नसतोच. कंटाळवाणं लिहिणं म्हणजे नैतिक लिहिणं नव्हे. जे वाचलंच जात नाही, त्याने त्या बाईचं काहीच बदलत नाही. पी. साईनाथ यांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना' गाजलं ते त्यात गरिबीचे धक्के आहेत म्हणून नव्हे. दुष्काळातून कोणाला काय मिळतं, हे ते पुस्तक दाखवतं आणि तरी खाली ठेववत नाही. वाचनीयता आणि सचोटी यांतलं एक निवडावं लागतं, हा समज आळशी लेखकांच्या सोयीचा आहे.

माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असं कांट म्हणतो. बातमी माणसाला वापरतेच, एका बाईच्या दुःखातून ती हजारोंना वाचायला लावते. ती 'निव्वळ' वापरते का, हे ठरवायला मला एक साधी कसोटी दिसते. ज्या बाईवर बातमी आहे तिच्यासमोर बसून, मथळ्यासकट, ती मोठ्याने वाचून दाखवायची. ती मान खाली घालेल, की म्हणेल, 'हां, आता त्याला विचारा'? दुसरं उत्तर येईल अशी बातमी लिहिणं अवघड आहे. त्यासाठी मुकादमाच्या वहीपर्यंत, कारखान्याच्या फाटकापर्यंत, दवाखान्याच्या बिलापर्यंत जावं लागतं. पण रंजक तपशीलही तिथेच सापडतात. 'एक कोयता म्हणजे दोन माणसं' हे कळल्यावर ज्याला पुढे वाचावंसं वाटणार नाही, असा वाचक मला माहीत नाही.

उरला आपला अंगठा. चाचणीत कोणतं शीर्षक जिंकतं ते शेवटी तो ठरवतो, आणि उद्याचे मथळे त्यावरून बनतात. ऊसतोडीचा हंगाम दरवर्षी येतो, त्यामुळे अशी बातमीही पुन्हा येईल. ती फॉरवर्ड करण्याआधी तिच्यात 'कोणी?' याचं उत्तर आहे का, एवढं बघता येईल. नसेल तर ते असलेली बातमी शोधायची आणि तीच पुढे पाठवायची.