दया कीं ऋणफेड?

यंत्रांत हात गेलेल्या कामगाराची आपण कींव करतों. कामाच्या ओझ्याखालीं मन खचलेल्या कारकुनाविषयीं मात्र ‘हें सोंग तर नव्हे?’ अशी शंका घेतों. वस्तुतः दोघांचीही हानि सेवेंतच झालेली असते. मग अशा मनुष्यास पुढें सांभाळणें ही दया म्हणावी कीं ऋणफेड?

कायद्यानें दुसरा पक्ष घेतला आहे. सेवेंत असतां अपंगत्व आलेल्या सरकारी नोकरास सामान्यतः काढून टाकतां येत नाहीं, असें १९९५ च्या व पुढें २०१६ च्या कायद्यानें ठरविलें. जुनें काम झेपत नसल्यास त्याच वेतनाचें दुसरें द्यावें. तेंही नसल्यास योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत त्याला जादा जागेवर ठेवावें. मानसिक आजाराचीही या अपंगत्वांत गणना आहे.

तरीही सहकाऱ्यांच्या नजरा न सोसवून एखादा आपण होऊनच अकालीं निवृत्त होतो. कारण कायदा वेतन राखूं शकतो. मान राखणें आपल्याच हातीं असतें. मनुष्याचें मोल केवळ त्याच्या कामावरून करावयाचें, तर घरांत वृद्धांना जागा कोठें उरेल? थकलेल्या बैलावरही शेतकरी पोळ्याला झूल घालतो. यंदा किती नांगरलेंस, हें त्या दिवशीं तो विचारीत नाहीं.