काव्याचा निवाडा आणि कवीचे जीवन

कवीच्या आचरणावरून त्याच्या काव्याचा निवाडा करावा काय, हा प्रश्न साहित्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. तंजावरच्या मराठी राजदरबारात जन्मलेल्या एका तेलुगू काव्याने तो तीव्रपणे उभा केला.

प्रतापसिंह भोसले (कारकीर्द १७३९–१७६३) यांच्या दरबारातील मुद्दुपळनी या गणिकेने ‘राधिकासांत्वनमु’ हे शृंगारकाव्य रचले. त्यातील राधा स्वतः वाढविलेल्या इलेचा कृष्णाशी विवाह लावून देते आणि मग मत्सराने होरपळते. कृष्णाला तिची मनधरणी करावी लागते. स्वेच्छेने केलेला त्यागही मनाला शांती देतोच असे नाही, हे या काव्याचे मर्म होय.

पुढे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी कवयित्रीला कुलटा ठरविले. असे वर्णन स्त्रीच्या मुखी शोभत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. बंगळूर नागरत्नम्मा यांनी १९१० साली संपूर्ण संहिता प्रसिद्ध करून प्रतिप्रश्न केला : लज्जेचे बंधन केवळ स्त्रियांनाच का? याच नागरत्नम्मांनी पुढे तंजावरजवळील तिरुवैयारू येथे त्यागराजांचे समाधिमंदिर उभारले. ‘राधिकासांत्वनमु’वर मात्र ब्रिटिश सरकारने बंदी घातली. ती उठल्यावर १९५२ मध्ये नवी आवृत्ती निघाली.

अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन यांच्या बाबतीत हाच न्याय उलट दिशेने झाला. ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ (१८५५) हा संग्रह अश्लील मानला गेल्यामुळे १८६५ साली त्यांना सरकारी कारकुनी गमवावी लागली. तेथे ग्रंथावरून माणसाला शिक्षा झाली; येथे व्यक्तीवरून ग्रंथाला.

यावर जीवन आणि काव्य यांचा संबंधच नाकारणे, हे उत्तर सोपे असले तरी खरे नव्हे. मुद्दुपळनीने ग्रंथारंभी आपली परंपरा आजी तंजनायकीपासून अभिमानाने सांगितली आहे. जे तिने लपविले नाही, ते समीक्षकाने तरी का लपवावे? राधेच्या मनाचे तिला झालेले आकलन तिच्या जीवनानुभवापासून तोडता येत नाही.

तेव्हा भेद करावयाचा तो उपयोगाचा. कवीचे जीवन काव्य उमगण्यासाठी साहाय्यक म्हणून अवश्य बोलवावे. आरोपी म्हणून पिंजऱ्यात उभे करू नये. वीरेशलिंगम यांच्यासारख्या स्त्रीहितैषी सुधारकालाही हा भेद सांभाळता आला नाही. म्हणूनच नीतीचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक वाचकाने आपला आक्षेप काव्यावर आहे की ते रचणाऱ्या व्यक्तीवर, हे प्रथम स्वतःला विचारले पाहिजे.