फुटक्या गाडग्याचे मोल

गाडगे फुटले की ते उकिरड्यावर जाते. श्रीसंत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) मात्र असेच एक फुटके गाडगे जवळ बाळगले. ऊन लागले की ते डोक्यावर, भूक लागली की त्यातच भाकरी-कालवण. घरोघरचे चांदीचे ताट कुलपात असते. सणापुरते बाहेर येते, एवढेच त्याचे भाग्य! महाराजांच्या हाती खराटा असे. गावात पाऊल ठेवताच ते आधी रस्ते झाडीत, कीर्तन रात्री. भाविकांनी दिलेल्या द्रव्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, थकलेल्या यात्रेकरूला पाठ टेकण्यासाठी. स्वतःजवळ राहिले ते गाडगे आणि खराटा. आईबापांनी ठेवलेले डेबूजी हे नाव मागे पडले. लोकांनी त्यांना त्या गाडग्याचेच नाव दिले.