ताबा सुटल्यावर जे उरते, तेच आपण असतो का?

आपल्यापैकी बहुतेकांनी घरात, शेजारी किंवा सत्संगात कोणाला तरी अर्धांगवायू झालेला पाहिला आहे. कोणी त्याला लकवा म्हणतात, कोणी पक्षाघात, आता सर्रास ‘स्ट्रोक’ म्हणतात. हात-पाय लुळे पडतात, तोंड वाकडे होते, हे आपल्याला ठाऊक असते. त्यासाठी मनाची थोडीफार तयारीही असते. पण या आजारात आणखी एक गोष्ट घडते, जिच्यासाठी कोणाचीच तयारी नसते. आपल्या ओळखीचा माणूस वेगळाच वागू लागतो. मग मनात एक प्रश्न येतो, जो मोठ्याने विचारायची लाज वाटते. आज तोच प्रश्न आपण विचारू या.

बडोद्याच्या आमच्या रविवारच्या सत्संगात एक काका येत. निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या तोंडून कोणी कधी कठोर शब्द ऐकला नव्हता. चपला नीट लावण्यापासून प्रसाद वाटण्यापर्यंत सगळी कामे ते गुपचूप करत. एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला. बोलणे अडखळू लागले. काकूंना वाटले, पित्त झाले असेल, रात्री हात अंगाखाली आला असेल. थोडे पडून राहिले की बरे वाटेल, या आशेवर अर्धा दिवस गेला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत उजवी बाजू गेली होती आणि वाचाही.

काही दिवसांनी वाचा थोडी परतली, पण एकाच शब्दाच्या रूपात. तो शब्द म्हणजे एक शिवी होती. पाणी हवे असले तरी तीच, नातवाला जवळ बोलवायचे असले तरी तीच. भेटायला गेलेले साधक खाली मान घालून परतू लागले. जिन्यात एकाने हळूच म्हटले, “इतकी वर्षे साधना केली, पण आत काय होते ते शेवटी बाहेर आलेच ना?” मी त्याला उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते. नंतर तीन आठवडे मी काकांकडे फिरकलो नाही.

मेंदूत नेमके काय होते?

मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, तेव्हा मेंदूचा तेवढा भाग प्राणवायूवाचून मरू लागतो. गुठळीमुळे होणाऱ्या झटक्यात, उपचार न मिळाल्यास, दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी नष्ट होतात असा अंदाज आहे. बहुतेक माणसांमध्ये भाषेची केंद्रे डाव्या गोलार्धात असतात आणि तोच गोलार्ध शरीराची उजवी बाजू चालवतो. म्हणून उजवा हात आणि वाचा अनेकदा एकदमच जातात. वाचा जाण्याच्या या अवस्थेला ‘अफेझिया’ म्हणतात. यात बुद्धी गेलेली नसते. आपल्याला काय म्हणायचे आहे हे अनेक रुग्णांना पक्के माहीत असते. फक्त शब्दापर्यंत जाणारा रस्ता खचलेला असतो.

पण सगळी भाषा एकाच रस्त्याने येत नाही. विचार करून जुळवलेले वाक्य वेगळे आणि आपोआप तोंडातून निघणारे शब्द वेगळे. एक ते दहा आकडे, वारांची नावे, लहानपणापासून पाठ असलेले श्लोक, गाण्याच्या ओळी, ‘अरे देवा’सारखे उद्गार आणि शिव्या हे सगळे या दुसऱ्या प्रकारात मोडते. अफेझियात पहिला प्रकार नष्ट होऊनही दुसरा शिल्लक राहू शकतो. एकोणिसाव्या शतकात जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने हा फरक सविस्तर मांडला होता. त्याच शतकात, 1866 साली, फ्रेंच कवी शार्ल बोदलेअर याला पक्षाघात झाला. भाषेवर हुकमत असलेल्या त्या कवीपाशी देवाच्या नावाने घातलेल्या एका शपथेचा तुकडा तेवढा उरला. त्याला ब्रुसेल्समध्ये ज्या धार्मिक संस्थेच्या रुग्णालयात ठेवले होते, तिथल्या जोगिणी तो शब्द ऐकून हादरल्या. त्यांना ती ईश्वरनिंदा वाटली.

जिन्यातल्या आमच्या बोलण्यात आणि त्या जोगिणींच्या घाबरण्यात काय फरक होता? काहीच नाही.

शिवी काकांची, तर आरती कोणाची?

काकूंचा निरोप आला म्हणून अखेर मी गेलो. संध्याकाळची वेळ होती. काकूंनी दिवा लावला, आरती सुरू केली, आणि काका त्यांच्याबरोबर म्हणू लागले. चालीसकट, जवळजवळ स्पष्ट शब्दांत, पूर्ण आरती! माझे डोळे भरून आले. मनात पहिला विचार आला, “पाहा, खरे काका हेच. इतक्या वर्षांची साधना वाया गेली नाही.”

आरती संपली. काकांना पाणी हवे होते. त्यांनी तोंड उघडले आणि तीच शिवी बाहेर पडली.

त्या क्षणी माझी चूक मला दिसली. आरती आणि शिवी एकाच दारातून येत होत्या. शिवी हा काकांच्या मनातल्या मळाचा पुरावा नसेल, तर आरती हाही त्यांच्या सिद्धीचा पुरावा ठरत नाही. आपल्याला आवडले ते ‘साधनेचे फळ’ आणि नावडले ते ‘मेंदूचा दोष’ असा निवाडा करता येणार नाही. दोन्ही बाजूंना एकच माप लावावे लागेल.

मग काका कुठे होते? मी नीट पाहिले तेव्हा दिसले. शब्द सुटताच त्यांचा डावा हात तोंडाकडे गेला. डोळ्यांत ओशाळलेपण आले. मग त्यांनी तोच एक हात छातीशी नेऊन मला नमस्कार केला. शब्द त्यांचा नव्हता, नमस्कार त्यांचा होता.

आपण ध्यानाला बसतो तेव्हा हेच शिकतो ना? मनात काय उगवावे हे आपल्या हातात नसते. क्रोध उगवतो, वासना उगवते, एखादा विचित्र शब्द उगवतो. उगवलेल्याकडे आपण कसे पाहतो आणि पुढे काय करतो, तिथे आपले काम सुरू होते. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले आहे आणि त्याला जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. मन आणि बुद्धी यांनाही तिथे क्षेत्रातच धरले आहे. आपण हे अनेकदा ऐकतो. पण शेजारच्या माणसाचे क्षेत्र उद्ध्वस्त झाले की त्या पडझडीलाच आपण तो माणूस समजतो.

एक अवघड शंका

इथे तुमच्या मनात शंका येईल, आणि ती रास्त आहे. काकांपाशी निदान तो नमस्कार होता. ज्याच्यापाशी तोही उरला नाही, त्याचे काय? झटका मेंदूच्या पुढच्या भागाला बसला, तर संयम आणि दुसऱ्याच्या भावनेची जाणीवही घटू शकते. काही रुग्ण बोचरे बोलतात आणि त्यांना खंतही वाटत नाही. तिथे क्षेत्रज्ञ कुठे शोधायचा?

मला वाटते, तिथे शोधणे थांबवावे. माणसाचा मान हा त्याच्याकडून काही चिन्ह मिळण्यावर अवलंबून ठेवला, तर तो मान राहत नाही, परीक्षा होते. तान्ह्या बाळाकडून आपण पुरावा मागत नाही. गाढ झोपलेल्या माणसाचे चारित्र्य तपासत नाही. त्याच न्यायाने, ज्याचे आतले दार पूर्ण बंद झाले आहे, त्याच्या आयुष्याचा हिशेब आपण शेवटच्या पानावरून करू नये. दार उघडे होते तेव्हा तो ज्या तऱ्हेने जगला, ते कोणत्याही झटक्याने पुसले जात नाही.

‘पूर्वजन्मीचे कर्म’ हेही अशा वेळी अनेकांच्या ओठांवर येते. कर्मसिद्धान्त स्वतःकडे पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या खाटेशी उभे राहून तो उच्चारला की तो क्रूर होतो. या आजाराचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब, आणि तो या जन्मात दंडाला पट्टा बांधून मोजता येतो.

साधकाला झटका बसला की त्यालाही स्वतःची शरम वाटते. नीम करोली बाबांचे अमेरिकी शिष्य रामदास यांना 1997 साली झटका आला. पुढे ते मोकळेपणाने सांगत की त्या घटकेला त्यांच्या मनात ईश्वराचा विचारही आला नाही, ते छतावरचे पाइप पाहत होते. आयुष्यभर साधना करून ऐन परीक्षेत आपण नापास झालो, असे त्यांना वाटले. त्यांनी पूर्वी सेवेविषयी पुस्तक लिहिले होते, आणि आता कपडे घालण्यापासून सगळ्यासाठी इतरांची मदत घ्यावी लागत होती. मदत करणाऱ्याची जागा सोडून मदत घेणाऱ्याच्या जागी बसणे हीच त्यांची पुढची साधना झाली. 2019 साली देह ठेवेपर्यंत ते, शब्द शोधत शोधत, लोकांना भेटत राहिले.

आपण काय करायचे?

तत्त्वज्ञान इथे थांबले तर ते जिन्यातल्या गप्पांइतकेच पोकळ ठरेल. म्हणून काही साध्या गोष्टी मनात ठेवा.

तोंड एका बाजूला वाकडे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे किंवा दृष्टी जाणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात, पण उपचार उलट असतात. म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन देऊ नका. लक्षणे काही मिनिटांत नाहीशी झाली तरीही जा, कारण तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

रुग्णाच्या तोंडात तीर्थ, गंगाजल किंवा प्रसाद घालण्याची घाई करू नका. झटक्यानंतर गिळण्याची क्रिया बिघडते. ते पाणी श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तीर्थ कपाळाला लावा, भावना तीच पोहोचते. लुळा हात धरून रुग्णाला उठवू नका, खांदा निखळतो. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला.

रुग्ण कारण नसताना रडला किंवा हसला, तर ‘नाटक करतो’ म्हणू नका. तोही या आजाराचा भाग असतो. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि त्यावर औषध आहे. ‘नामस्मरण करा, बरे वाटेल’ हे त्या औषधाच्या जोडीला सांगा, औषधाऐवजी नको. आणि साधना सुरू केली म्हणून रक्तदाबाची गोळी कोणीही बंद करू नये.

वाचा गेलेल्याशी मोठ्याने बोलू नका, त्याला ऐकू येते. छोटी वाक्ये बोला, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे विचारा आणि थांबा. तो खोलीत असताना त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नका. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पण त्यानंतरही ती संपत नाही. व्यायाम आणि वाचा-उपचार नेटाने चालू ठेवले, तर काही वर्षांनीही नवे शब्द परत येतात.

आणि काकूंना विसरू नका. चोवीस तास सेवा करणाऱ्या व्यक्तीला दोन तासांची सुटी मिळवून देणे ही मोठी सेवा आहे. त्यांनी मला का बोलावले होते, ठाऊक आहे? उपदेश ऐकायला नव्हे. त्यांना दोन आठवड्यांत केस धुवायला वेळ मिळाला नव्हता. मी काकांजवळ तासभर बसलो, एवढेच त्यांना हवे होते.

आता काकांना तीस-चाळीस शब्द बोलता येतात. शिवी अजून अधूनमधून येते. आम्ही दोघेही तिला हसतो. रविवारी त्यांना चाकाच्या खुर्चीतून सत्संगाला आणतो, आणि दाराशी चपला लावण्याचे काम आता मी करतो. त्यांच्या नजरेसमोर करतो, कारण ओळ वाकडी झाली तर ते डाव्या हाताने खुणावतात.

या आठवड्यात तुम्ही एवढेच करा. ज्या घरी जायचे तुम्ही टाळत आहात, त्या घरी जा. काय बोलायचे याची चिंता करू नका. जवळ बसा. समोरचा माणूस तुमच्या ओळखीचाच आहे.